भाऊंच्या विरोधात उभं राहू का?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं : मनपा निवडणूक विशेष

या महिन्यात आलेल्या पत्रांत दुसरा विषयच नाही. २३ ते ३० डिसेंबर २०२५ अर्ज भरायचे, २ जानेवारी २०२६ पर्यंत माघार, १५ ला मतदान, १६ ला मोजणी. नागपूर मनपाची निवडणूक २०१७ नंतर थेट आता होऊन राहिली, त्यामुळे लोकांच्या मनात इतकी वर्षं साचलेलं सगळं बाहेर येतंय. म्हणून तब्येत, नातीगोती आणि पैशाचे प्रश्न पुढच्या अंकात घेऊ, हा अंक पूर्ण निवडणुकीचा.

प्रश्न : ताई नमस्कार. मी मानेवाडा रिंग रोडच्या पलीकडच्या एका ले-आउटमध्ये राहते, लग्न होऊन आले तेव्हापासून इथंच. घरी ट्युशन घेते. आमच्या ले-आउटची डिमांड (विकास शुल्क) भरून झाली, आरएल (प्लॉट नियमित केल्याचं पत्र) पण मिळालं, तरी रस्ता अजून मुरमाचाच आणि पावसाळ्यात गडर लाईन उलटी येते, बाथरूममधून घाण पाणी घरात शिरते. मी आणि गल्लीतल्या बायका झोन ऑफिसच्या चकरा मारून थकलो, तिथं म्हणतात हे नासुप्रचं (नागपूर सुधार प्रन्यासचं) आहे, नासुप्रवाले म्हणतात मनपाला देऊन टाकलं. आता बायकाच म्हणून राहिल्या की मॅडम तुम्हीच उभ्या राहा, आणि एका पक्षाने विचारलं पण आहे. अडचण आहे ती आमच्या भाऊंची. २००२ पासून तेच नगरसेवक, मधे एकदा जागा महिलांसाठी गेली तर वहिनी होत्या पण सगळं भाऊच पाहायचे. माझ्या सासऱ्यांना अटॅक आला तेव्हा रात्री दोन वाजता भाऊ स्वतःची गाडी घेऊन आले, मेडिकल हॉस्पिटलमध्ये बेड मिळवून दिला. सासरे वारले तेव्हा खांद्याला होते, तेरवीत पंगतीत वाढलं त्यांनी. नणंदेच्या पोराची ॲडमिशन त्यांच्याच पत्रावर झाली. मिस्टर म्हणतात ज्या माणसाने आपल्यासाठी इतकं केलं त्याच्यासमोर उभी राहशील तर मोहल्ल्यात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. सासूबाई तर बोलतच नाहीत माझ्याशी. आणि जो भेटतो तो म्हणतो भाऊंना आजवर कोणी पाडू शकलं नाही, तू कशाला पैसे घालवते. मी काय करू? भाऊ वाईट माणूस नाहीत हो, हेच तर अवघड आहे.
– एक वाचक, दक्षिण नागपूर

उत्तर : उभ्या राहा.

आणि भाऊ वाईट माणूस नाहीत हे जे तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलंय ना, ते प्रचारात सगळ्यात आधी बोला. खरं आहे ते, आणि मोहल्ल्याला माहीत आहे. त्यांच्यावर चिखलफेक करून तुम्हाला एक मत मिळणार नाही, उलट ज्या घरात ते रात्री धावून गेले ती सगळी घरं तुमच्यावर नाराज होतील. मनपाची बातमीदारी करताना मी असे कितीतरी उमेदवार पाहिले जे जुन्या नगरसेवकाला चोर म्हणत फिरले आणि लोकांनी त्यांना दारातूनच परत पाठवलं.

उपकाराचं म्हणाल तर त्यात दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत, त्या वेगळ्या करून पाहा. रात्री दोनला गाडी काढणं, खांदा देणं, पंगतीत वाढणं हा भाऊंचा चांगुलपणा, तो माणूस म्हणून त्यांनी केला आणि तुम्ही जन्मभर मानायलाच पाहिजे. पण बेड आणि ॲडमिशन? ते पदाच्या वजनाने झालं. तुमच्या घरी ते पत्र पोचलं, पण ज्या घराची भाऊंशी ओळख नव्हती त्या घरच्या म्हाताऱ्याला बेड कसा मिळाला असेल याचा विचार करा. आणि हे सगळं होत असताना गडर लाईन मात्र तिथंच राहिली. वीस वर्षं टिकलेल्या बहुतेक नगरसेवकांचं हेच असतं बघा, एकेका घराचं काम होतं, सगळ्या गल्लीचं राहून जातं. घराचं काम केलं की ते घर आठवण ठेवतं, लाईन टाकली की पुढच्या वर्षी कोणाला आठवतही नाही की इथं पाणी तुंबायचं. म्हणून घराघराची कामं वाढत जातात. यात भाऊंची नियत खराब आहे असं मी म्हणत नाही, पण तुमचा मुद्दा नेमका हाच आहे आणि तो तुम्ही भाऊंचा मान राखून मांडू शकता.

कोणत्याही जुन्या नगरसेवकाच्या ऑफिसात सकाळी साडेआठला जाऊन बसा. प्लास्टिकच्या खुर्च्या भिंतीला लावलेल्या, एका आईच्या हातात रेशन कार्डाची झेरॉक्स, एक पोरगा आधारच्या फॉर्मवर सही पाहिजे म्हणून उभा, एका काकांना रहिवासी दाखला पाहिजे, टेबलावर लेटरहेडचा गठ्ठा आणि शिक्का. मार्च २०२२ मध्ये मनपाची मुदत संपली, त्यानंतर त्या शिक्क्याला कायद्याने काही अर्थ राहिला नाही, सगळेच माजी झाले. तरी रांग काही कमी झाली नाही. लोकांना पद संपल्याचं माहीत नव्हतं असं नाही हो, पण दुसरं जायचं कुठं? तुम्हाला हरवायचं आहे ते या रांगेला. तुमच्या दारात अशी रांग आज लागू शकत नाही, पण ज्या कामासाठी लोक तिथं बसतात ते काम झोन ऑफिसच्या खिडकीवर कोणाच्या पत्राशिवाय व्हायला पाहिजे, हे तुम्ही म्हणू शकता. ट्युशनवाल्या मॅडमच्या तोंडून ते पटेल लोकांना.

आता एक व्यवहाराची गोष्ट, जी तुम्हाला कोणी नीट सांगितलेली दिसत नाही. तुम्ही खरंच भाऊंच्या विरोधात आहात का? नागपुरात १५१ जागा आणि ३८ प्रभाग आहेत, म्हणजे जवळपास सगळे प्रभाग चारचे. अ, ब, क, ड अशा चार वेगळ्या जागा, प्रत्येकीचं आरक्षण वेगळं, प्रत्येकीची लढत वेगळी. शहरात निम्म्या म्हणजे ७६ जागा महिलांच्या आहेत. तुम्ही महिलांच्या जागेवर अर्ज भरला तर भाऊंच्या पॅनलमधल्या दुसऱ्या कोणा बाईंशी तुमची लढत होईल, भाऊ शेजारच्या जागेवर असतील. सर्वसाधारण जागेवर भरला, जी महिलाही लढू शकते, तर मग समोरासमोर. आणि भाऊंनी याही वेळी वहिनींनाच उभं केलं तर चित्र पुन्हा बदलेल. पक्षाला आधी हे विचारा की मला कोणती जागा देता. घरी सासूबाईंना पण हे समजावून सांगा, कारण भाऊंसमोर उभं राहणं आणि भाऊंच्या पॅनलसमोर उभं राहणं यात मोहल्ल्याच्या नजरेत फरक पडतो. माझं मत विचाराल तर पहिल्या वेळी महिलांची जागा घ्या.

चारचा प्रभाग म्हणजे पसारा किती ते पण लक्षात घ्या. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या २४ लाखांच्या वर होती, तिला ३८ ने भागलं तरी एका प्रभागात साठ हजारांवर माणसं येतात, आणि जनगणना होऊन किती वर्षं झाली. तुमचं ले-आउट त्यातला एक कोपरा. आरएल घेऊनही रस्ता नाही, गुंठेवारीच्या (शेतजमिनीचे तुकडे करून पाडलेल्या प्लॉटच्या) चक्करमध्ये अडकलेलं, अशा ले-आउटच्या ५७२ आणि १९०० च्या यादीतलं असं दुसरं ले-आउट तुमच्याच प्रभागात नक्की असेल. तिथल्या बायकांना भेटा. नासुप्र की मनपा हा घोळ तुमच्या एका गल्लीचा नाही, सगळ्या बाहेरच्या नागपूरचा आहे. माहितीच्या अधिकारात अर्ज टाकून विचारा की अमुक ले-आउटचं विकास शुल्क किती जमा झालं, कशावर खर्च झालं, मनपाकडे कोणत्या तारखेला हस्तांतर झालं. उत्तर मतदानाआधी येईलच असं नाही पण अर्जाची पोच हातात असलेली उमेदवार आणि नुसतं "मी रस्ता करून देईन" म्हणणारी उमेदवार, लोक बरोबर ओळखतात.

"भाऊंना कोणी पाडू शकत नाही" याचं उत्तर नागपुरातच आहे. काँग्रेसचे विलास मुत्तेमवार १९९८ पासून सलग नागपूरचे खासदार, त्याआधी चिमूरचे, २०१४ मध्ये भाजपच्या नितीन गडकरींनी त्यांना हरवलं. विधान परिषदेचा नागपूर पदवीधर मतदारसंघ कितीतरी दशकं भाजपचा, खुद्द गडकरी तिथून आमदार होते, २०२० मध्ये तेव्हाचे महापौर संदीप जोशी उभे असताना काँग्रेसच्या अभिजित वंजारींनी तो घेतला. २०२३ मध्ये शिक्षक मतदारसंघात भाजपच्या पाठिंब्याचे, दोन वेळा निवडून आलेले नागो गाणार हरले, सुधाकर अडबाले आले. दोन्ही बाजूंचे बालेकिल्ले पडलेत या शहरात. जिंकलेले हे लोक काही तुमच्यासारखे नवखे नव्हते, त्यांच्यामागे पक्ष आणि संघटना होत्या, हे मान्य. पण पदवीधर-शिक्षकच्या निवडणुकीत मतदार यादी दरवेळी कोरी होऊन नव्याने बनते, आणि नाव नोंदवून घेण्याचं कंटाळवाणं काम जो करतो त्याला तिथं किंमत असते, एवढं तरी त्यातून घ्या.

म्हणजे यादी. मनपाच्या यादीत आता नवीन नाव घालता येणार नाही, विधानसभेची यादी तोडूनच प्रभागाची होते आणि हरकतींची वेळ गेली. पण अंतिम यादी घ्या, प्रिंट काढा, बूथप्रमाणे फाईल करा आणि गल्लीतल्या दोन-दोन बायकांना एकेक भाग द्या. पेन्सिल घेऊन घरोघर. वारलेले कोण, लग्न होऊन गेलेली पोरगी कोण, पुण्याला नोकरीला गेलेला कोण, नवऱ्याचं नाव एका बूथला आणि बायकोचं दुसऱ्या शाळेत असं कुठं झालंय, हे सगळं पानावर खुणा करून ठेवा. भाऊंच्या पोरांना हे तोंडपाठ आहे, त्यांची खरी ताकद तीच, बॅनर वगैरे नंतर. तुमच्या बायका ट्युशनच्या पोरांच्या आया आहेत, त्यांना कोणत्याही घरात पाणी विचारलं जातं. हे तुमचं भांडवल फार मोठं आहे.

कागदांचं आजच पाहा. ओबीसी किंवा इतर राखीव जागेवर उभ्या राहणार असाल तर जातीचा दाखला तुमच्या माहेरचा लागतो, आणि त्यावर माहेरचं नाव, मतदार यादीत सासरचं. इथं कितीतरी बायका छाननीत अडकतात. विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र काढून ठेवा. जात वैधता नसेल तर पडताळणी समितीकडे अर्ज केल्याची पोच लागेल आणि ठरलेल्या मुदतीत प्रमाणपत्र द्यावं लागेल, नाही तर निवडून येऊनही पद जातं. १२ सप्टेंबर २००१ नंतर झालेल्या मुलामुळे अपत्यांची संख्या दोनच्या वर गेलेली नको, घरटॅक्स-पाणीपट्टीची थकबाकी नको. निवडणुकीच्या खर्चासाठी वेगळं बँक खातं उघडा, रोजचा हिशेब रोज लिहा, निकालानंतर ३० दिवसांत तो द्यावाच लागतो, हरलेल्यांना पण. फक्त जिंकणाऱ्याने द्यायचा असतो असं समजून कितीजण पुढच्या वेळी अपात्र होतात.

आणि अर्ज भरायच्या आदल्या दिवशी मिस्टरांना घेऊन भाऊंच्या घरी जा. सासूबाई आल्या तर त्यांनाही. चहा होऊ द्या, मग सांगा, "भाऊ, मी फॉर्म भरून राहिली, तुमच्या कानावर घालायला आली." ते चिडतील कदाचित, कदाचित हसून "भर ना पोरी" म्हणतील आणि संध्याकाळी कोणाकरवी तरी माघार घ्यायचा निरोप धाडतील. २ जानेवारीपर्यंत असे निरोप येत राहतात, कधी समितीत घेऊ म्हणून, कधी पैशाचा विषय काढून. एकदा भरला की बसायचं नाही, हे घरात आधीच ठरवा. तुमच्यासोबत यादी घेऊन फिरलेल्या बायकांनी शेजाऱ्यांचा राग ओढवून घेतलेला असेल, त्यांना मधेच सोडता येणार नाही.

मिस्टरांना माझा निरोप द्या. तोंड दाखवायला जागा राहणार नाही असं ते म्हणतात, पण गडरचं पाणी घरात शिरतं तेव्हा ते काढायला कोण वाकतं हे त्यांना माहीत आहे. त्या बाईने सगळ्या गल्लीसाठी उभं राहायचं ठरवलं तर नवऱ्याने तिच्या मागे नाही, सोबत चालायला पाहिजे.

प्रश्न : मी एका माजी नगरसेवकांचा जुना कार्यकर्ता. सतरंज्या उचलल्या, बूथ सांभाळले, त्यांच्या वाढदिवसाचे बॅनर रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बांधले. या वेळी ते म्हणाले होते तुझा विचार करतो. आता समजलं की तिकीट पोराला देऊन राहिले, तो पुण्याहून आता आला. डोकं फिरलंय. अपक्ष उभा राहून पाडू का त्याला?
– पूर्व नागपुरातून

उत्तर : दादा, तुमचा राग एकदम खरा आहे आणि तुमच्यासारखे या शहरात प्रत्येक प्रभागात आहेत. पण "पाडू का" हा प्रश्न सोडा. पाडायला उभा राहिलेला माणूस निकालाच्या दिवशी संध्याकाळी एकटा असतो, ज्याचा फायदा झाला तोही फोन उचलत नाही.

अपक्षाचं चारच्या प्रभागात फार कठीण आहे. लोक एकच चिन्ह पाहून चारदा बटण दाबतात आणि तुमचं चिन्ह मिळणार माघारीनंतर ३ जानेवारीला, मग ते साठ हजारांच्या प्रभागात पोचवायला जेमतेम दहा दिवस. २०१७ मध्ये १५१ पैकी फक्त एक अपक्ष निवडून आला होता नागपुरात. भाजपचे १०८, काँग्रेसचे २९, बसपाचे १०, बाकी शिवसेना २ आणि राष्ट्रवादी १.

तरी उभं राहायचं असेल तर स्वतःच्या नावावर राहा, आधी राजीनामा द्या आणि मग अर्ज. आतून पोराच्या सभेला जायचं आणि रात्री दुसऱ्याचं काम करायचं, हे करू नका. मोहल्ला पाच वर्षं ते विसरत नाही. आणि नाही उभे राहिलात तरी त्या घरी सतरंज्या उचलायला परत जाऊ नका. बूथ कसा चालतो हे तुम्हाला जितकं कळतं तितकं पक्षाच्या शहर कार्यालयात बसलेल्यांना कळत नाही. वरच्या पत्रातल्या ताईंसारखी कोणी तुमच्या प्रभागात उभी असेल तर तिला तुमची गरज आहे.

प्रश्न : इतकी वर्षं नगरसेवक नव्हते तरी शहर चाललं. मग जुने काय आणि नवे काय, मत द्यायचं तरी कशाला?
– धरमपेठ

उत्तर : चाललं कसं ते आठवा. मार्च २०२२ पासून आयुक्तच प्रशासक होते. ओबीसी आरक्षण आणि प्रभाग रचनेच्या कोर्टकचेऱ्यांत निवडणूक अडकली, शेवटी ६ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाने घ्या म्हटलं तेव्हा हलली. त्या मधल्या काळात २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आली. अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, नाग नदीचं पाणी तुमच्याच भागातल्या घरांत शिरलं, लोक गच्चीवर चढले. त्यानंतर बांधाचं काय, नदीकाठच्या बांधकामांचं काय, भरपाईची यादी कोणी केली, हे आमसभेत उभं राहून विचारणारा एकही निवडून आलेला माणूस मनपात नव्हता. लोकांना कोर्टात जावं लागलं. सभागृहात विचारलेल्या प्रश्नाला अधिकाऱ्याला सगळ्यांसमोर उत्तर द्यावं लागतं, घरी जाऊन दिलेल्या निवेदनाला द्यावं लागत नाही.

जुना निवडा की नवा, ते तुम्ही ठरवा. पण दारात आलेल्या प्रत्येकाला, जुन्यालाही, एवढं विचारा की त्या पुरानंतर तुम्ही कुठे काय लेखी दिलं, कागद दाखवा.

प्रश्न : माझं वय ७४. म्हणतात चार मतं द्यायची आणि चारही एकाच चिन्हाला द्यावी लागतात. खरं आहे का? मला एका जागेवर जुने नगरसेवक बरे वाटतात आणि दुसऱ्या जागेवर एक नवी मुलगी.
– महाल

उत्तर : आजोबा, एकाच चिन्हाला द्यावी लागतात हे साफ खोटं आहे, जो सांगतो तो स्वतःच्या सोयीसाठी सांगतो. प्रत्येक जागेसाठी एक असं चार वेळा बटण दाबायचं, प्रत्येक जागेला वेगळ्या पक्षाचा किंवा अपक्ष उमेदवार निवडलात तरी चालतं. तुमचे जुने नगरसेवक अ मध्ये असतील आणि ती मुलगी ब मध्ये, तर दोघांनाही मत देता येतं. पण दोघं एकाच जागेवर असतील तर एकालाच निवडावं लागेल, म्हणून कोण कोणत्या जागेवर आहे ते आधी बघून घ्या. एखाद्या जागेवर कोणीच पसंत नसेल तर तिथं नोटा दाबा, पण चारही जागांचं पूर्ण झाल्याशिवाय मशीनपासून हलू नका. घाई करू नका, मागे रांग असली तरी तो वेळ तुमचा आहे. मोबाईल आत नेता येत नाही, तेव्हा चारही नावं आणि चिन्हं घरूनच मोठ्या अक्षरात कागदावर लिहून खिशात ठेवा, आणि चष्मा विसरू नका.